भरदुपारी गेलेली सावली

टेंभुर्णीच्या काकासाहेबांनी पासष्टीपर्यंत मे महिन्यातली दुपार कधी उघड्यावर काढलेली नव्हती. ती वेळ झोपेची. गावच्या सेवा सोसायटीचं चेअरमनपद केव्हाच गेलं होतं, पण चेअरमनची झोप त्यांनी सोडली नव्हती. शेतात राबायला माणसं होती, आणि माणसं राबतात की नाही हे संध्याकाळी जाऊन ओरडून विचारता येत होतं.

त्या दिवशी मात्र कुणीतरी कान भरले. त्यांचा चुलतभाऊ रामप्रसाद भरदुपारी, गाव झोपलेलं असताना, बांधाचे दगड सरकवतो म्हणे. दोघांच्या शेतांमधली ती चिंचोळी पट्टी नेमकी कुणाची, यावरून दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. काकासाहेबांनी काठी घेतली, टोपी घातली आणि चोर पकडायला निघाले.

बांधावर चोर नव्हता. कुणीच नव्हतं. घाम पुसायला काकासाहेब थांबले, सहज खाली पाहिलं आणि जागीच थिजले. सावली नव्हती. पुढे नाही, मागे नाही. बुटांच्या आजूबाजूला थोडा काळपट डाग होता, पण पासष्ट वर्षं सोबत चालणारा, हात हलवला की हात हलवणारा तो लांबोडका माणूस गायब. त्यांनी काठी सरळ उभी धरली. तिचीही नाही. शेजारच्या लिंबाखाली मात्र भरगच्च सावली होती. त्यांना वाटलं, लिंबाला कशाला काय होईल, मरायचं तर आपल्याला आहे.

कारण लहानपणी आजी सांगायची, ज्याची सावली नाहीशी होते तो सहा महिन्यांत जातो. आजीचं बाकी काहीच काकासाहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. हे तेवढं ऐकलं होतं.

घरी येऊन ते बाजेवर पडले. "चतुरा, माझी सावली गेली."

चतुराबाई भाकरी थापत होत्या. "उन्हानं झापड आली आसंल. जेवून घ्या."

"जेवण कसलं? मी चाललो."

"कुठं?"

काकासाहेबांनी वर बोट केलं. चतुराबाईंनी वर पाहिलं. पत्र्याखाली पाल होती.

संध्याकाळी अंगणात सावली चांगली तीन पुरुष लांब पडली. पण काकासाहेबांनी ती मानली नाही. परतून आलेल्या सावलीचा भरवसा काय? दुपारी पुन्हा बाहेर जाऊन खात्री करावी, एवढी हिंमतही झाली नाही.

चार दिवसांत गावभर झालं. लोक भेटायला येऊ लागले, आणि काकासाहेबांच्या ध्यानात आलं की मरणाऱ्या माणसाला चेअरमनपेक्षा जास्त मान असतो. मग ते मनापासून मरायला लागले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यांनी आधीच छापून घेतला. फोटो तरुणपणीचा, खाली 'समाजभूषण'. तारखेची जागा कोरी ठेवली. गावात कुणीही गेलं की शोकसभेत भाषण करणाऱ्या धर्मराजला बोलावून ते म्हणाले, "माझ्यावर काय बोलणार हाय, आत्ताच बोलून दाखव. मंग मला ऐकाया न्हाई मिळायचं."

धर्मराज घसा खाकरून उभा राहिला. "काकासाहेबांनी आयुष्यभर... काकासाहेबांनी कधीही कुणाला..." इथे तो अडकला. काकासाहेबांनी कुणाला काय केलं नव्हतं, ते त्याला आठवेना. शेवटी म्हणाला, "दारातून तहानलेला माणूस कधी परत गेला नाही."

उंबऱ्यावर बसलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. काकासाहेबांच्या दारातल्या बोअरला कुलूप होतं. काकासाहेबांचे डोळे मात्र भरून आले. त्यांना ते खरंच वाटलं, आणि त्याच भरात त्यांनी कुलूप काढायला सांगितलं.

एकदा सुरुवात झाल्यावर थांबणं कठीण होतं. ते चतुराबाईंना "तू जेवलीस का?" असं विचारू लागले. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाई घाबरल्या. आणि एके दिवशी त्यांनी चार माणसांदेखत रामप्रसादला बोलावलं. "ती पट्टी तुझी. दगड तूच लाव. वर बांधाबांधावरून भांडता येत न्हाई."

रामप्रसाद त्यांच्या गळ्यात पडून रडला. रडून झाल्यावर लगोलग दगड लावले आणि पाऊस पडताच सोयाबीन पेरलं.

नात आकांक्षा जालन्याला बी.एस्सी. करत होती. परीक्षा आटोपून ती गावी आली, आजोबांची हकीकत ऐकली आणि पोट धरून हसली.

"आबा, तुम्ही मरून नाही राह्यले. आपलं गाव विषुववृत्ताच्या वर वीस अंशांवर आहे. उन्हाळ्यात सूर्य साडेतेवीस अंशांपर्यंत वर येतो. मग जाताना एकदा आणि परत येताना एकदा तो बराबर आपल्या डोक्यावरून जातो. त्या दुपारी कुणाचीच सावली पडत नाही. दिल्लीत असं कधीच होत नाही, ती फार वर आहे."

"मंग दिल्लीचे लोक मरत न्हाईत का?"

"मरतात ना! म्हणून तर सांगते, मरणाचा आणि सावलीचा काही संबंध नाही."

"पुस्तकात लिहिणारा बांधावर आल्ता का? मी आल्तो," काकासाहेब म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून मरायला लागले.

आकांक्षा हट्टी निघाली. जुलैच्या चौथ्या आठवड्याकडे सूर्य परत फिरताना पुन्हा डोक्यावर येणार होता. ढग असले तर सगळं मुसळ केरात, पण उघडीप मिळाली. तिने ग्रामपंचायतीपुढे एक पाइप सरळ उभा केला आणि काकासाहेबांना हाताला धरून आणलं. मागून सगळं गाव आलं. मरणारा माणूस उन्हात उभा राहिलेला कुणाला चुकवायचा नव्हता.

साडेबाराच्या सुमारास पाइपची सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. काकासाहेबांनी धर्मराजच्या पायाकडे पाहिलं. सावली नव्हती. सरपंचाची नव्हती. झेंड्याच्या खांबाची नव्हती.

"म्हंजे हे सगळ्यांचंच हाय?"

"सगळ्यांचंच, आबा. तुम्ही ठणठणीत आहात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांना मात्र कुणीतरी भरचौकात धोतर फेडल्यासारखं झालं. "रामप्रसादची बी गेली?"

"गेली की, दादा," रामप्रसादने पाय उचलून दाखवला.

काकासाहेब भानावर आले ते एकदम चेअरमन होऊन. "मंग माझी पट्टी वापस कर. जल्दी. तो करार मरणाचा होता."

"दादा, सोयाबीन फुलावर आलंय. आन् तुम्ही सावली बघून न्हाई दिली, चार माणसं बघून दिली. चारी हितंच हायेत."

चारही जणांनी मान हलवली. पट्टी गेली ती गेली. बोअरला मात्र त्याच संध्याकाळी कुलूप लागलं, आणि फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर गेला, तोंड खाली करून.

स्वयंपाकघरात चतुराबाईंनी आकांक्षाला चहा दिला. मग म्हणाल्या, "इतकी घाई कशाला केलीस गं? दोन महिने घरात माणूस होता."



पंधरा ऑगस्टला सरपंचाने तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. माइक काकासाहेबांनी घेतला. सूर्य वर्षातून दोनदा टेंभुर्णीच्या डोक्यावर येतो, दिल्लीला एकदाही जात नाही, हे त्यांनी सांगितलं. वीस अंशांची ही जागा आपल्या खापरपणजोबांनी बराबर हेरून निवडली, असंही सांगितलं. आधी रामप्रसादने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.