आपापला कप

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर आमची मंडळी. मंडळी म्हणजे चर्च. भाड्याचा हॉल, चार खिडक्या, त्यातल्या दोन कायम गंजून बसलेल्या. रविवारी गिरणी बंद असायची म्हणून बरं, नाहीतर प्रवचन कुणाला ऐकू आलं असतं? लग्न करून मी नगरकडून इकडे आले तेव्हा नव्वद साल नुकतंच सरलं होतं. आमचे हे तिथले पाळक, पाद्री म्हणा. आणि पाळकाची बायको म्हणजे बिनपगारी सगळं काही! सतरंज्या झटका, पेटी वाजवा, आजाऱ्याला पेज पोचवा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा रस करा.

प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. द्राक्षं कुठली आणायची शहापुरात? मी काळ्या मनुका भिजत घालायची, उकळून कुस्करायची आणि फडक्यातून गाळायची. रस ओतायला एकच प्याला होता, पितळी, आतून कल्हई केलेला. एकाने घोट घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा, असा तो सगळ्या रांगांतून फिरायचा. पुसायचा वगैरे नाही. सगळ्यांचा एक प्याला, हीच त्यातली गोष्ट होती.

आमच्यात एक मावशी होत्या. माहेर मुरबाडकडचं, बौद्ध घर. नवरा नगरकडचा ख्रिस्ती, भातसा धरणाच्या कामावर आला आणि इथेच राहिला. तो गेल्यावर मावशी किन्हवलीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत एकट्या राहायच्या. रविवारी पहिल्या गाडीने यायच्या आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरायच्या. "बाय, तुजा चा नुसता पानी हाय," म्हणून माझ्या हातातलं भांडं काढून घ्यायच्या. मला कुणी स्वयंपाकात नावं ठेवलेली खपत नाहीत, सासूबाईंनासुद्धा मी ऐकून घेतलं नव्हतं. पण मावशींपुढे माझं काही चालायचं नाही. जीव होता माझा त्यांच्यावर, सरळ सांगते.

एकदा तांदूळ निवडता निवडता मी त्यांना विचारलं, "मावशी, प्याला हातात आला की तुम्ही एवढा वेळ का धरून ठेवता? पुढचा माणूस ताटकळतो ना." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावच्या नाक्यावर हाटेल व्हता. बा मला घेऊन म्हशाच्या जत्रंला निघाला की तिथं चा प्यायचा. आमचे कप बाहेर खुंटीला. आमी गेलो की हाटेलवाला आतून वरडायचा, आपला आपला कप घ्या रं! मग आपनच काढायचा, तो वरून ओतायचा, पिऊन आपनच धुवून परत टांगायचा."

त्यांचे हात तांदळात चालूच होते.

"लग्न करून तुमच्या देवलात पयल्यांदा आली," त्या म्हणाल्या, "तवा माज्या आदी एका गुरुजीनं प्याला तोंडाला लावला. मग मी लावला. माज्या बाजूला कचेरीतल्या सायबाची बायको. मी बगतच राह्यली, आता ही पुसते का काय करते. तिनं नाय पुसला. तसाच प्याली. त्या दिशी माजं पोट भरलं गो." त्यानंतर मी त्यांना लवकर आवरा असं कधी म्हटलं नाही.

मग ते स्वाइन फ्लूचं वर्ष आलं. पुण्या-मुंबईत माणसं गेल्याचं टीव्हीवर रोज. शहापुरातले निम्मे लोक रोज मुंबईला जाणारे, म्हणजे रोगाचीही आमच्या दारापर्यंत रोज ये-जा. शाळा बंद झाल्या. जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडायला लागला. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी गळ्यात घालून माणसं बाजारात भेटायची आणि लांबूनच मान हलवायची. आमच्यात उपासना सुटली की प्रत्येकाचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणायची पद्धत, तीही बंद पडली. हात मागे बांधून नुसतं सलाम म्हणायला इतकं चमत्कारिक वाटायचं, काय सांगू!

पंच कमिटी बसली, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पाचसहा जण: कचेरीतले कारकूनसाहेब, शाळेतले गुरुजी वगैरे. आमच्या मंडळीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी साफ सांगितलं, "एक प्याला चालणार नाही. आपल्यात म्हातारी माणसं आहेत, दोन बायका गरोदर आहेत. उद्या काही झालं तर?" त्यांचं बोलणं खरंच होतं. ठरलं. आणि रविवारी आमच्या ह्यांनी, शेवटच्या प्रार्थनेआधी, अगदी प्रेमाने जाहीर केलं, "पुढच्या वेळी प्रभुभोजनाला येताना सर्वांनी घरून आपापला कप घेऊन यावं."

माझे हात पेटीवर होते, ते तिथेच थांबले. नाक्यावरच्या हॉटेलची गोष्ट ह्यांना माहीत नव्हती. मी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मावशींनी पदर डोक्यावर नीट ओढला, पिशवी उचलली आणि आशीर्वाद व्हायच्या आतच जिना उतरून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्याकडे मोबाइल होता, त्यांच्या शेजारणीकडेही. मी फोन लावला की शेजारीण सांगायची, "हायती बऱ्या. येत नाय म्हनतात." शेवटी मी आणि हे किन्हवलीची गाडी धरून गेलो. मावशी ओट्यावर भात पाखडत बसलेल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. ह्यांनी विचारलं, "मावशी, प्रभुभोजन चुकवू नका. आमचं काही चुकलं का?"

"तुमचा काय चुकला, पालकबाबा? रोग हाय, मला कळतो." सूप जरा वेळ हललं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, येताना कप आनू तो कंचा आनू? कान तुटलेला चालंल का?"

येताना गाडीत मी ह्यांना सगळं सांगितलं. शहापूरला उतरल्या उतरल्या ह्यांनी पंचांना निरोप धाडला.

पुन्हा कमिटी. या वेळी मीही दारात उभी. कारकूनसाहेब म्हणाले, "कागदी कप आणू. सगळ्यांना सारखे, मग प्रश्नच मिटला." मला बरं वाटलं, मी लगेच शेजारणीच्या मोबाइलवर फोन करून मावशींना सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "त्या खुंटीवरचे आमचे कप बी सगले सारकेच व्हते गो." मी फोन ठेवला आणि कमिटीला तसंच सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, भाकर रसात बुडवून पाळकांनीच प्रत्येकाच्या हातावर टाकावी. "कशी टाकायची?" मी विचारलं. "वरून. हाताला हात लागायला नको," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. त्यांचेही बापजादे नगरकडचे, गावकुसाबाहेरचे. त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

बघा म्हणजे कसं होतं. रोगापासून जपायचं म्हटलं तर लांब राहा, शिवू नका, वेगळं भांडं घ्या, वरून ओता. जे जे करायला जावं ते विटाळाच्या पुस्तकातलंच निघायचं! सिस्टर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "मी काय वाईटासाठी सांगते का?" त्या म्हणाल्या. "एखाद्याच्या घरात मयत झाली तर मला झोप लागेल का?" आणि हे आपले शांतपणे, "प्रार्थना करू, मार्ग निघेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मार्ग काय निघेल? ती बाई तिकडे एकटी बसलीय! ती येत नाही म्हणून आपण प्रार्थना करायची? आपण जाऊ की तिच्याकडे! तसाही या हॉलमध्ये जीव गुदमरतो, खिडक्या उघडत नाहीत, सिस्टर तुम्हीच म्हणता ना मोकळी हवा पाहिजे? तिच्या अंगणात उपासना घ्या. आणि तिच्या घरी गेल्यावर वाढणार कोण? पाळक? पाहुण्यांनी कधी वाढलंय का कुणाच्या घरात? घरची बाई वाढते!"

प्याला पाळकाने किंवा पंचाने द्यायचा, असा आमचा नियम. कारकूनसाहेबांनी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि ह्यांनी हात वर केला. "आशीर्वाद मी मागेन," हे म्हणाले, "वाढतील मावशी." सिस्टरनी विचार केला आणि बोट दाखवून अट घातली: हात साबणाने धुवायचे, तोंडाला पदर बांधायचा, आणि कपाला ओठ लावायचा तो सगळ्यांनी शेवटी एकदम, मधे नाही. मी म्हटलं, मान्य.

मावशींना कळवलं तर त्या आधी विश्वासच ठेवीनात. "इतकी मानसं? माज्या दारात?" मग दुसऱ्या मिनिटाला, "आनि भांडी कोन आनंल?" मी म्हटलं, "ज्याचा कप त्याने आणायचा, मावशी. तुमच्या घरी एवढे कप आहेत का?" त्या हसल्या. खूप दिवसांनी ते हसू ऐकलं आणि मला तिथेच उभ्या उभ्या रडू आलं.

गणपती होऊन गेले होते, पावसाने उघडीप दिली होती. आम्ही सगळे किन्हवलीच्या गाडीने गेलो. मावशींनी अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. वाडीतली चार बौद्ध आणि कुणबी घरंही बघायला जमली, कुणाच्या तरी ओट्यावरून पोरंटोरं डोकावत होती. आम्ही लांब लांब बसलो. माझी पेटी आणलेली नव्हती, गाणी तशीच म्हटली, मोकळ्यावर कशी तरीच वाटली पण वाटली छान.

मग ह्यांनी आशीर्वाद मागितला आणि रसाची किटली मावशींच्या हातात दिली. तोंडाला पदर, हात धुऊन लाल झालेले. पहिले गुरुजी. त्यांनी दोन्ही हातांनी कप पुढे केला आणि मान वाकवली. मावशींनी ओतलं. रस देताना काय म्हणायचं ते ह्यांनी त्यांना नीट शिकवलं होतं, पण त्या गडबडल्या. कपात बघितलं आणि लग्नात पंगतीला विचारतात तसं विचारलं, "आनखी घालू?"

गुरुजींनी चकित होऊन वर पाहिलं. आणि म्हणाले, "घाला."

मग काय! पुढच्या प्रत्येकाला तेच. "आनखी घालू? घे गो, लाजू नको." कारकूनसाहेबांच्या बायकोने कप झाकला तर मावशी म्हणाल्या, "नाय नाय, माज्या घरी असा चालायचा नाय." प्रभुभोजनाला कुणी हसत नाही, पण त्या दिवशी सगळं अंगण हसत होतं. ह्यांच्या कपातसुद्धा त्यांनी काठोकाठ ओतलं. मी मनुका नेहमीपेक्षा जास्त भिजवल्या होत्या तरी माझी नजर किटलीवरून हलेना, कारण घोटभराचा हिशेब मी केला होता आणि मावशी जेवण वाढत होत्या.

आणि व्हायचं तेच झालं. शेवटी त्यांनी ओट्यावरचा आपला स्वतःचा कप घेतला, किटली तिरपी केली, आणखी तिरपी केली. दोन थेंब पडले. त्यांनी किटलीत डोकावून पाहिलं. "सरला," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून, आपल्याच घरी जेवण कमी पडावं तशा ओशाळून, "ऱ्हाऊंदे. माजा काय नाय. तुमी घ्या." मी उठले. पाणी ओतू? आता उकळायला मनुका कुठून आणू?

सिस्टर उठल्या. आपला कप घेऊन मावशींच्या समोर गेल्या. कपाला अजून कुणाचाच ओठ लागलेला नव्हता. त्यांनीच घातलेली अट होती ती. त्यांनी आपल्या कपातला घोटभर रस मावशींच्या कपात ओतला आणि बाजूला झाल्या. त्यांच्या मागे गुरुजी उभे. त्यांच्या मागे कारकूनसाहेबांची बायको. मग आमचे हे. मग मी, आणि मग सगळे, अंतर ठेवून, एकामागे एक.

मावशींचा कप भरला. रस त्यांच्या बोटांवरून ओघळत होता, आणि तोंडावरचा पदर डोळ्यांतल्या पाण्याने भिजून गेला होता. रांगेत अजून माणसं होती. "बस गो, बस," त्या म्हणत होत्या, "सांडतो हाय."

कुणी थांबलं नाही.