मामांच्या स्लॅबला घातलेलं पाणी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात ते गवंडीकाम करत. वडील लवकर गेले. मामांनी मला लासूरच्या शाळेत घातलं, पुढं इंजिनिअरिंगला पाठवलं. घरातला पहिला पदवीधर मी. आता छत्रपती संभाजीनगरात, छावणीजवळच्या एका प्रयोगशाळेत बांधकामाचे नमुने तपासतो.

गावातल्या विहाराचं सभागृह मामांनी मजुरी न घेता बांधलं. संध्याकाळी तिथं मुलांची अभ्यासिका भरते. गेल्या उन्हाळ्यात स्लॅबचे पापुद्रे पडू लागले. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. गावानं एकच अर्थ काढला, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. पारावर एकानं तोंडावर विचारलं, "भाच्याची फी ह्याच स्लॅबातून निघाली का, मिस्तरी?"

हे मला मामींनी कळवलं. मी गेलो तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "तपासून जे निघंल ते कागदावर लिहून दे. तोंडी बोललेलं गावात टिकत नाय. अन् माझ्या बाजूनं लिहू नको."

स्लॅबमधून काँक्रीटचे गोल तुकडे कापले, सळईच्या खोलीवरची भुकटी ड्रिलनं काढली. घरच्याच माणसाचं काम, म्हणून तपासणी स्वतः न करता शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दिली. तुकडे दाबून फोडले, तर मजबूत निघाले. भुकटीच्या द्रावणात रसायनाचे थेंब पडले आणि ते दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे मीठ.

मला लगेच आमची बोअर आठवली. तिच्या खारट पाण्याचा चहा नासायचा. टँकरचं गोडं पाणी पिण्याला ठेवून मामांनी काँक्रीट बोअरच्या पाण्यात कालवलं होतं. नंतर स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीचे वाफे बांधून तेच पाणी एकवीस दिवस कोंडलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत वाफे भरायला मीच असायचो. उन्हानं पाणी उडायचं, मीठ मागं राहायचं, आणि आम्ही पुन्हा भरायचो. मॅडमना बोअरचंही पाणी तपासायला दिलं. शंका उरली नाही.

रिपोर्टसोबत मामांना हे पत्र पाठवलं:

ती. मामांस, सविनय वंदन.

काँक्रीट मजबूत आहे, सिमेंटात काटकसर झालेली नाही. ते पहिल्या पानावर आहे, पारावर वाचून दाखवा. दुसरं पानही वाचा. सळयांपाशी मीठ साचलंय. मिठानं सळई काँक्रीटच्या आतही गंजते, गंज फुगतो आणि खालचा थर ढकलून पाडतो. ते मीठ आपल्या बोअरचं. तुम्ही पाणी कधी कमी पडू दिलं नाही, म्हणून मीठ जास्तच आत गेलं. कालवलं तुम्ही, वाफे भरले मी. त्या पाण्याचा चहा नासतो हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

वरून गिलावा मारू नका, आत गंज चालूच राहील. स्लॅब पाडावा लागेल. आजपासून पोरांना त्याखाली बसवू नका, अभ्यासिका शाळेच्या व्हरांड्यात हलवा.

नवा स्लॅब तुम्हीच घाला. जे पाणी वापरणार, त्याची एक बाटली आधी माझ्याकडं पाठवा. माझा फोन येईपर्यंत मिक्सर सुरू करू नका.

तुमचा भाचा