मोठ्या बाज्याचे पाठककाका

लग्नाचा जुना अल्बम हातात आला की आमचे शेजारी पाठककाका नवरा-नवरीकडे पाहतच नसत. त्यांची नजर थेट मागच्या बँडवर जायची, आणि तिथंही पितळेच्या सगळ्यात मोठ्या बाज्यावर. चष्मा कपाळावर सरकवून, भिंग डोळ्याशी धरून ते म्हणत, "हा सूझाफोन. अंगाभोवती वेटोळं, खांद्यावर भार, तोंड डोक्यावरून पुढं. आणि हा ट्यूबा, पोटाशी धरलेला. दोघांना एक समजू नका." शाळेत असताना अंगानं थोराड म्हणून मास्तरांनी त्यांना बँडमध्ये मोठा बाजा दिला होता आणि दम पुरत नाही म्हणून थोड्याच दिवसांत काढून घेतला होता. वाजवणं राहिलं ते राहिलंच. दारव्ह्याच्या तहसीलीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखणं सुरू केलं.

एकदा गल्लीतल्या एका घरी त्यांनी सांगून टाकलं की तुमचा हा फोटो उलटा छापलाय. घरातले हसले. काका शांतपणे म्हणाले, "सूझाफोन डाव्या खांद्यावर असतो. इथं उजव्या खांद्यावर दिसतो." मग कोणीतरी नवरदेवाचं घड्याळ पाहिलं, तर तेही उजव्या मनगटावर. काकांनी अल्बम मिटून परत दिला. जिंकल्याचा आनंद वगैरे त्यांना होत नसे. कोणी पुढं काही विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "फोटोत आहे तेवढंच सांगतो. बाकीचं तुमचं तुम्ही पहा."

बोरी अरबची शोभा त्यांच्याकडे आली तेव्हा मी तिथंच होते. ती अंगणवाडीत काम करते. तिचे वडील बँडमध्ये मोठा बाजा वाजवायचे आणि ती अंगावर पीत असतानाच तापानं गेले. बँडचा एक सामूहिक फोटो तेवढा घरात होता. त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे माहे वडील. पुढच्या साली पोरीचं लगन हाय ना काका, म्हून यायचा फोटू मोठा करून राह्यली. खाली बाज्याचं नाव लिहाचं हाय. काय म्हणते याले?"

"सूझाफोन," काका म्हणाले आणि फोटो पाहत राहिले. "वडिलांबद्दल घरात काही सांगतात?"

"आई सांगते, बाज्याच्या पट्ट्यानं यायच्या मानेले घट्टा पडला होता."

काकांनी भिंग खाली ठेवलं. नाव एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, फोटोचा मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि तिला चहा पाजून पाठवलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "सूझाफोन खांद्यावर बसतो. पट्ट्यानं गळ्यात अडकवतात तो ट्यूबा." त्याच फोटोत टोकाला एक ट्यूबावाला उभा होता. बाज्याच्या तोंडाआड त्याचा चेहरा गेला होता. एक कान आणि टोपी, एवढंच दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या स्कूटीवर मागं बसून ते बोरीला गेले. शोभा अंगणवाडीत होती. तिची आई गिरजाबाई ओट्यावर तुरी निवडत होती. काकांनी मोबाईल पुढं धरला आणि आडवळण न घेता विचारलं, "बाई, तुमचे मालक यातले कोणते?"

गिरजाबाईनं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग टोकाच्या माणसावर बोट ठेवलं. "हे. तोंडच नाही दिसत ना. पोरगी लहान होती, बाप दाखव म्हून रडे. मंग ज्याचं तोंड दिसत होतं, त्याले दाखवलं." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "आता तिले कायले सांगता, भाऊ?"

परतताना मी विचारलं, "शोभाला सांगणार?"

"तिनं बाज्याचं नाव विचारलं, ते दिलं," काका म्हणाले. "बाप कोणता, ते तिनं विचारलेलं नाही."

पण गोष्ट त्यांनी तिथं सोडली नाही. त्या ट्यूबाच्या खालच्या वळणावर डाग दिलेला होता, चौकोनी ठिगळासारखा. वर्षभर ते ओळखी काढत लोकांच्या घरी जात राहिले, त्या काळच्या लग्नांचे अल्बम मागत राहिले. गुडघे दुखत होते, तरी जीपनं दिग्रसला जाऊन आले, आर्णीला जाऊन आले. आर्णीच्या एका घरात तो फोटो सापडला. पंगत बसलेली, शेवटी बँडवाले जेवताहेत. एकाच्या मागं भिंतीशी ट्यूबा उपडा ठेवलेला, वळणावर तेच ठिगळ. त्याच्या गळ्यात पट्टा तसाच होता, आणि वाढप्याकडे पाहत तो हसत होता.

काकांनी त्याची प्रत काढून गिरजाबाईच्या हातात दिली. "हे असावेत. नक्की तुम्हीच सांगू शकता. दाखवायचा की नाही, तेही तुम्हीच ठरवा."

तिनं फोटो उन्हाकडे धरला. "जेवतानी असेच हासे," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून फोटो मांडीवर पालथा ठेवला. "मी सांगीन तिले. माह्या तोंडानं सांगीन."

यंदाच्या थंडीत पाठककाका गेले. शोभाच्या मुलीचं लग्न त्यानंतर झालं. मी एकटीच गेले. आतल्या खोलीत भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एक सूझाफोनवाल्याचा, एक पंगतीतला. दोन्हींना झेंडूचे सारखेच हार होते. मी पाहत उभी राहिले, तशी शोभा जवळ आली.

"बाप हा हाय, ताई," पंगतीतल्या फोटोकडे हात करून ती म्हणाली. "आईनं सांगतलं तई दोन दिवस मी बोलली नाही तिच्यासंग." मग तिनं दुसऱ्या फोटोचा हार सारखा केला. "पण दहावी पास झाली तई मी यालेच सांगतलं. माहं लगन ठरलं तई यालेच सांगतलं. आता याले कोन्या तोंडानं खाली उतरवू?"