फिरतं पेरणीयंत्र आणि बाबांचा पाय

आमच्या बाबांनी आयुष्यात एकाच सिनेमात काम केलं, तेही त्यांना कोणी न विचारता.

साल असेल दोन हजार दोन-तीन. नालवाडीत घराच्याच अंगणात आमचं छोटं वर्कशॉप, आणि त्यात बाबांनी स्वतः घडवलेलं पेरणीयंत्र. अल्लीपूरचे एक दुकानदार शेठ ते बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला तर वर्कशॉप चालणार, नाहीतर कुलूप. मी नुकताच नागपूरहून मल्टिमीडियाचा कोर्स करून आलेलो (म्हणजे घरच्यांच्या मते वाया गेलेलो!). मी जाहीर केलं, यंत्राचा फिरता सिनेमा बनवतो. वस्तू थोडी थोडी फिरवायची, दर वेळी फोटो काढायचा. असे छत्तीस फोटो जोडले की माउसनं ओढून ती कॉम्प्युटरवर चहूबाजूंनी फिरवता येते.

पण तोवर आईनं यंत्राला हळदीकुंकू लावून नारळ फोडला होता. आता ते जागचं हलवायचं नाही म्हणाली.

"देवाले कोनी फिरवते का? तूच फिर."

मग मीच कॅमेरा घेऊन, छत्तीस ठिकाणी थांबत यंत्राला प्रदक्षिणा घातली. नजर फक्त यंत्रावर. मागे काय चाललंय याच्याशी कलाकाराला काय देणंघेणं!

शेठ आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी मोठ्या ऐटीत माउस शेठच्या हाती दिला. त्यांनी तो ओढला. यंत्र होतं तिथंच, मागून आमचं न्हाणीघर आलं, आईची वाळत घातलेली लुगडी आली... आणि बाबा आले. कोपऱ्यात, यंत्राच्या पहिल्या नगाचं अडकलेलं चाक लाथेनं सोडवत! शेठनं माउस डावीकडे नेला, पाय वर. उजवीकडे आणला, पाय खाली. वर, खाली, वर, खाली. शेठचा हात काही थांबेना.

"हे बी तुमचंच यंत्र हाये ना?" शेठनं विचारलं.

"हो," बाबा पुटपुटले. "चाक जाम झालतं."

"मंग एवढ्या लाथा खाऊन काई तुटलं?"

"नाई. माह्याच पायाले लागलं."

शेठनं तिथल्या तिथं वीस नग सांगितले, वर सिनेमाही मागून नेला. पुढं वर्षभर तो त्यांच्या दुकानात चालला. एकदा मी तिथं गेलो, तर एक म्हातारबा माउस ओढून ओढून घामाघूम झालेले. यंत्र जागचं हलेना, फिरत होतं आमचं घर. मी छाती फुगवून सांगितलं, सिनेमा माझाच, आणि लाथ मारणारे ते माझे बाबा.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"घरात तू असतानी," ते शांतपणे म्हणाले, "त्यानं लाथ यंत्राले काऊन मारली?"