टेकडी उतरून आलेले मास्तर

चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या माडीवर जिम उघडली तेव्हा मी फिजिओथेरपी शिकत होते. थोरला भाऊ, आमचा अण्णा, तिथे जाऊ लागला आणि रोज जेवताना तिथल्या मास्तरांची आरती ओवाळू लागला. एका संध्याकाळी ते ध्यान बघायला मीही गेले.

मास्तर आरशासमोर उभे होते. पोरांना शिकवतानाही त्यांची नजर स्वतःच्या बेटकुळीवरून हलत नव्हती. डंबेल खांद्यापर्यंत उचलायचं आणि गादीवर धप्पकन सोडून द्यायचं, ही त्यांची विद्या.

"उचलण्यात ताकद लागते. खाली आणणं म्हणजे आराम," ते म्हणाले.

मला राहवेना. "उचलताना स्नायू आखडतो. सावकाश खाली आणताना तोच स्नायू लांबत लांबत वजन पेलतो. मधेच हात स्थिर ठेवलात तर स्नायूची लांबी बदलत नाही, पण काम चालूच असतं. तुम्ही अर्धा व्यायाम जमिनीवर टाकताय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अण्णाला म्हणाले, "बहीण शिकलेली दिसते. उचलते किती?"

पोरं हसली. अण्णाही हसला.

रविवारी मास्तरांनी सगळ्यांना गावाबाहेरच्या एका टेकडीवर नेलं. मीही गेले. चढताना सगळ्यांना धाप लागली. उतरताना मात्र मास्तर "आता फुकटचा आराम!" असं ओरडत पायऱ्यांवरून धावत सुटले, आणि पोरं मेंढरांसारखी त्यांच्यामागे.

मी अण्णाचा हात धरला. "पळू नकोस. उतरताना प्रत्येक पायरीला मांडी ब्रेक लावत असते. सवय नाही तुला. उद्या-परवा बसता येणार नाही."

"स्वल्प गप्प बस," असं कानडी मिसळून म्हणत तोही पळाला.

खाली उसाचा रस पीत मास्तर मला म्हणाले, "काय डॉक्टर, कुठे दुखतंय?"

असलं दुखणं लगेच येत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मंगळवारी अण्णा खुर्चीत बसताना विव्हळला. संध्याकाळी मी मुद्दाम जिमपाशी गेले. मास्तर माडीवरून खाली येत होते: दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरे, पलंगावरून उतरणाऱ्या रांगत्या पोरासारखे. दुकानदार तागडी ठेवून बघत उभा होता.

"मास्तर, उतरणं म्हणजे आराम ना?"

"ताप आहे," ते कठड्याकडे बघत म्हणाले. "वायरल."

"आणि तो नेमका मांड्यांतच भरला?"

पुढची पायरी आली, आणि त्यांच्या तोंडून 'अय्यो' निघालं.

वाटलं, आता तरी हा माणूस काही शिकेल. पण दुखणं ओसरताच त्यांनी दुसरी टेकडी ठरवली. मागच्या वेळी सगळ्यांचे बूट खराब होते, म्हणून पाय दुखले, असं त्यांनी पोरांना सांगितलं. पोरांना ते पटलं. अण्णा तर त्याच संध्याकाळी नवे बूट घेऊन आला.