चाचांचा देवदार

चाचा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी नाकाशी नेत. लाकूड तर हुंगायचेच, पण चहा, कोथिंबीर, मी तपासायला घरी आणलेल्या शाळेच्या वह्यासुद्धा. एकदा माझी नवी चप्पल हुंगून म्हणाले, "बाई, हा चमडा नाई. फसवलं तुमाले." दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानदाराकडे गेले, तर चाचांचंच खरं निघालं.

अमरावतीत आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. मूळचे ते पातूरचे. मी एकटी राहते, त्यामुळे बिजागरी कुरकुरली तरी चाचा आणि कपाटाचा खण अडकला तरी चाचा. बोलताना मध्येच थांबून खोकायचे, तोंडावरचा दुपट्टा बाजूला करून हसायचे आणि म्हणायचे, "भुसा आहे, दुसरं काई नाई." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलं होतं की पुढे पुढे मला ते ऐकूच येईना.

तीन वर्षांपूर्वी मी एक ससा पाळला. मादी होती, नाव ठेवलं सरकी. घरभर मोकळी फिरायची, पण शी-शूसाठी कोपऱ्यातल्या पसरट टोपलीत जायची शिस्त तिला आठ दिवसांत लागली. त्या टोपलीत काय पसरावं हे मात्र मला कळत नव्हतं. मग मी बाजारातून मांजरांसाठी मिळते ती बारीक खड्यांची पिशवी आणली. चाचांनी त्यातले चिमूटभर खडे हुंगले आणि बशीत उरलेल्या चहात टाकले. बघता बघता त्यांचा पुट्टीसारखा घट्ट गोळा झाला.

"हे चाबलते का ती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ती तर माझ्या खुर्चीचे पायसुद्धा कुरतडते."

"मंग पोटात जाऊन असंच होईन. कावून आणलं हे?" पिशवी त्यांनी स्वतःच उचलून बाहेर नेली.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन आले. आत रंध्याखालून निघालेले देवदाराचे पातळ छिलके होते. कुणाच्या तरी देवघराचं काम करताना निघालेले, टाकवत नाहीत म्हणून चाचांनी जपून ठेवलेले. त्यांच्या दुकानात त्याहून मोलाचं काही नव्हतं. "जनावरालेबी खुशबू समजते, बाई," म्हणाले. महिनाभर माझं घर दरवळत होतं. शाळेतून आल्यावर दार उघडलं की मला फार बरं वाटायचं.

मग सरकी शिंकायला लागली. डोळ्यांतून पाणी, गवताला तोंड लावेना. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि तिला ऑटोने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. टोपलीत काय घालता, असं त्यांनी विचारलं. मी देवदार म्हणताच त्यांनी मान हलवली. "तुम्हाला आवडतो तो वासच तिला बाधतोय. छातीला, लिव्हरला. लाकडाची धूळही नको. साधा वर्तमानपत्राचा कागद फाडून पसरा, वर सुकं गवत टाका."

चाचांना हे सांगायचा मला धीर होईना. पोतं मी गच्चीवर झाकून ठेवलं. "कशी आहे सरकी?" असं त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं की "छान" म्हणायची. चौथ्या दिवशी ते खिडकी दुरुस्त करायला आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"बाई, माझा देवदार कुठी गेला?"

त्या नाकापुढे काय लपणार? मी सगळं सांगितलं. चाचा टोपलीशेजारी जमिनीवर बसले. सरकी सवयीने त्यांच्या दुपट्ट्याशी गेली आणि शिंकली. तसे ते घाईघाईने मागे सरकत भिंतीला टेकले. "मी तं चांगला म्हणून आणला होता," म्हणाले. "चाळीस साल हेच हुंगून राहिलो मी." मग त्यांना खोकल्याची लांबलचक उबळ आली. मी पाणी आणून दिलं आणि सरकी बरी होईल, काळजी करू नका, असं सांगितलं.

त्यानंतर चाचा रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, सदरा बदलून, दुपट्टा बाहेर ठेवून यायचे आणि रद्दी फाडत बसायचे. चकचकीत पानं बाजूला काढायचे, पिना उपटायचे, प्रत्येक गठ्ठा हुंगायचे. सरकी सुधारली, त्यांच्या मांडीवर चढायला लागली. टोपली भरल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. वर्षानुवर्षांची धूळ फुप्फुसात बसली आहे, फार उशीर झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी संत्री घेऊन भेटायला गेले. चाचांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी आधी सरकीची चौकशी केली. मग सवयीने एक संत्रं उचलून नाकाशी नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि परत पिशवीत ठेवलं.

"काई येत नाई, बाई."

महिन्याभरात ते गेले. सरकी आता माझ्या पायाशी बसली आहे, मी तिच्यासाठी कागद फाडते आहे, आणि एकच गोष्ट मनातून जात नाही. सरकी शिंकली तेव्हा मी शाळा सोडून ऑटो पकडला होता. चाचा माझ्यासमोर कितीतरी वर्षं खोकले, आणि दर वेळी मी त्यांना फक्त पाणी आणून दिलं.