आईचा पुदिना उन्हात घातला

मंडळी, इथं मी कधी भांडायला येत नाही, पण आज डोकं फिरलंय.

काविळीनंतर आईच्या तोंडाला चव नाही. वाळलेल्या पुदिन्याची पूड घातलेलं ताक तेवढं तिला जातं. म्हणून मी पुदिना निवडून, एकेक पान पुसून, माजघरात सावलीत कापडावर पसरला होता.

आज कोडोलीची आत्या आईला बघायला आली. मी औषधं आणायला गेलो, तेवढ्यात तिनं ते कापड गच्चीवर कडक उन्हात नेऊन टाकलं. परतलो तर पानं काळी, वासाचा पत्ता नाही.

"सावलीत कुठं वाळतंय रं? चटणीच्या मिरच्या उन्हातच वाळवतोय की आम्ही!"

"आत्या, ही मिरची न्हाय, पुदिना हाय!"

"बायकांची कामं मला शिकवतोस व्हय?"

आतून आई म्हणाली, "बरं केलं वन्सं. त्याचीच पूड घालून द्या ताकात."

दोन घोट घेऊन "छान झालंय" म्हणत तिनं पेला ठेवला. आत्या गेली, तरी परत उचलला नाही.

नणंदेचं मन राखायला माझी आजारी आई उपाशी झोपली आहे. बघायला आलेल्या माणसांना "कशाला हात लावू नका" असं तुमच्या घरात कोण सांगतं?